पावलाची लांबी आणि फिटनेस ट्रॅकर : अंतराचा आकडा खरा कसा करायचा

दोघं जण एकाच वेळी निघाले, शेजारी शेजारी चालले आणि ५ किलोमीटर पूर्ण करून एकत्रच थांबले. एकाच्या घड्याळात ६,७०० पावलं, दुसरीच्या घड्याळात ७,८००. कुणाचं घड्याळ बिघडलं? बहुधा कुणाचंच नाही. एकाची उंची १८० सेंटिमीटर, दुसरीची १५५. तिचं पाऊल लहान, म्हणून तेवढ्याच रस्त्यावर तिची जास्त पावलं पडली. दोन्ही आकडे बरोबर आहेत.

गोंधळ पुढे सुरू होतो. दोन्ही घड्याळं अंतर दाखवतात, आणि ते मात्र एकसारखं यायला हवं. तिथे एकात ४.६ आणि दुसऱ्यात ५.३ किलोमीटर दिसले, तर कुठेतरी नक्की चुकतंय, आणि ती चूक बहुतेक वेळा पाच मिनिटांत दुरुस्त करता येते. त्यासाठी एकच गोष्ट पक्की समजून घ्यायची : ट्रॅकर पावलं मोजतो, पण अंतर मोजत नाही. जीपीएस बंद असताना अंतर हा निव्वळ गुणाकार असतो. पडलेली पावलं गुणिले एका पावलाची लांबी. पावलं घड्याळाने मोजलेली असतात, लांबी मात्र तुम्ही भरलेली असते किंवा अ‍ॅपने अंदाजाने धरलेली असते.

यातून एक साधी गोष्ट निघते, जी नव्या लोकांना कुणी सांगत नाही. सेटिंगमधली पावलाची लांबी बदलली तर फक्त अंतर बदलतं, आणि काही अ‍ॅपमध्ये त्यावरून काढलेल्या कॅलरी बदलतात. पावलांचा आकडा जागचा हलत नाही. म्हणजे तुमची तक्रार 'पावलं कमी मोजतोय' अशी असेल तर लांबीच्या सेटिंगमध्ये उपाय शोधू नका. त्याचं कारण वेगळं, उपाय वेगळा. आधी तेच उरकून घेऊ.

पावलं कशी मोजली जातात

ट्रॅकरच्या आत अ‍ॅक्सिलरोमीटर नावाचा इवलासा सेन्सर असतो. तो पुढे-मागे, वर-खाली आणि डावीकडे-उजवीकडे अशा तीन दिशांनी होणारी हालचाल सतत टिपतो. आपण चालतो तेव्हा प्रत्येक पाऊल टेकताना शरीराला एक ठरावीक हिसका बसतो, हातही त्याच लयीत झुलतो. सेन्सरच्या नोंदीत हे ओळीने येणारे उंचवटे दिसतात. सॉफ्टवेअर ते उंचवटे ओळखून मोजतं. उगाच हलवलेला हात पाऊल म्हणून मोजला जाऊ नये, यासाठी अनेक ट्रॅकर लगेच मोजायला लागत नाहीत. सलग काही पावलं एका लयीत पडली की मगच ती चालण्यात धरतात. त्यामुळे घरात दोन पावलं इकडे, तीन पावलं तिकडे असं दिवसभर केलेलं चालणं बरंच सुटून जातं.

मनगटावरच्या ट्रॅकरला मनगट हललेलं लागतं. बाबागाडी ढकलताना, सामानाची ट्रॉली लोटताना, दोन्ही हात खिशात घालून चालताना किंवा ट्रेडमिलचा दांडा धरून चालताना पाय चालतात पण मनगट स्थिर राहतं, आणि पावलं गळतात. उलट टाळ्या वाजवणं, पीठ मळणं, खडबडीत रस्त्यावरची गाडी यांतून फुकटची पावलं जमाही होतात. ट्रॅकर खिशात किंवा कमरेला लावता येत असेल तर अशा वेळी तसा लावावा.

सगळ्यात जास्त अन्याय होतो तो सावकाश चालणाऱ्यांवर. काठी किंवा वॉकर घेऊन चालणाऱ्या वयस्कर माणसाचं पाऊल जमिनीपासून फारसं उचललं जात नाही, हिसका मंद असतो, आणि काठी धरलेला हात झुलत नाही. त्यातही काठीच्याच हातावर पट्टा बांधला असेल तर आकडा फारच कमी येतो. पट्टा दुसऱ्या हातावर बांधून बघा, आणि लांबी पुरत असेल तर घोट्यावर. घोट्यावर बांधलेला ट्रॅकर मंद चालसुद्धा बऱ्यापैकी पकडतो. आजारपणातून उठून रोज थोडं थोडं चालू लागलेल्या माणसाला आपली मेहनत आकड्यात न दिसणं फार खट्टू करणारं असतं, म्हणून एवढा खटाटोप जरूर करावा.

पाऊल म्हणजे किती?

एका पायाची टाच टेकली तिथपासून दुसऱ्या पायाची टाच टेकली तिथपर्यंत, हे एक पाऊल. चालण्याचा अभ्यास करणारे लोक आणखी एक माप वापरतात : उजवी टाच टेकल्यापासून तीच उजवी टाच पुन्हा टेकेपर्यंत. यात दोन पावलं येतात. शास्त्रात याला स्ट्राइड म्हणतात, आणि एका पावलाला स्टेप. अडचण अशी की ट्रॅकरच्या अ‍ॅपमध्ये बऱ्याचदा 'स्ट्राइड लेंग्थ' असं लिहिलेलं असतं आणि अपेक्षित असतं ते एकाच पावलाचं माप. तिथे कुणी दोन पावलांची लांबी, समजा १४२ सेंटिमीटर, भरली की अंतर एकदम दुप्पट होतं.

म्हणून नाव काय लिहिलंय यावर विसंबू नका, पडताळा घ्या. आकडा भरा, चाला आणि १,००० पावलांना किती अंतर येतं ते बघा. प्रौढ माणसाच्या साध्या चालीला ते साधारण ०.६ ते ०.८ किलोमीटरच्या दरम्यान यायला हवं. १.४ आलं तर अ‍ॅपला एका पावलाचं माप हवंय. ०.३५ आलं तर त्याला दोन पावलांचं हवंय. सेंटिमीटर आणि इंच यांचाही घोळ इथेच पकडता येतो. १ इंच म्हणजे २.५४ सेंटिमीटर.

अ‍ॅपचा अंदाज कुठून येतो

तुम्ही काहीच भरलं नाही तर अ‍ॅप तुमच्या उंचीवरून लांबी काढतं. यासाठी बरीच वर्षं चालत आलेला हिशेब असा : पुरुषांसाठी उंची गुणिले ०.४१५, स्त्रियांसाठी उंची गुणिले ०.४१३. १८० सेंटिमीटर उंचीच्या पुरुषाला त्यातून ७४.७ सेंटिमीटर मिळतात, १५५ सेंटिमीटर उंचीच्या स्त्रीला ६४. सुरुवातीचं उदाहरण याच हिशेबातून आलं आहे.

सुरुवातीला हा अंदाज वाईट नाही. पण तो उंची विचारतो, पाय विचारत नाही. एकाच उंचीच्या दोन माणसांत एकाचं धड लांब आणि पाय आखूड असू शकतात. गुडघ्याचं दुखणं, वय, वजन, चालण्याची सवय, घाई, यातलं काहीच त्या गुणाकारात येत नाही. आणि सर्वांत आधी हे तपासा की अ‍ॅपमध्ये तुमची उंची खरंच बरोबर भरलेली आहे का. खातं उघडताना घाईघाईत पुढे पुढे केलं तर अ‍ॅपने स्वतःहून ठेवलेली उंची तशीच राहून जाते, आणि मग पुढचे सगळे आकडे भलत्याच माणसाचे येतात.

स्वतःचं पाऊल मोजायची पद्धत

ओल्या पायाने दोन ठसे उमटवून मधलं अंतर पट्टीने मोजायचं, असा सल्ला पुष्कळ ठिकाणी मिळतो. तो सोडून द्या. एक पाऊल मोजायला उभं राहिलं की माणूस नकळत ऐटीत, लांब पाऊल टाकतो. आपल्याला हवी आहे ती लक्ष नसतानाची सरासरी चाल, आणि ती शेकडो पावलांतूनच कळते.

पहिली पायरी, जागा. लांबी नक्की माहीत असलेली, सपाट, कडक जमिनीची जागा शोधा. धावपट्टी असलेलं मैदान मिळालं तर उत्तम. प्रमाणित धावपट्टीची सर्वांत आतली लेन एका फेरीला ४०० मीटर भरते, आणि ती लांबी आतल्या कडेपासून ३० सेंटिमीटर बाहेरून मोजलेली असते. तेव्हा आतल्या कडेला लागून चाला. बाहेरच्या लेनमध्ये फेरी वाढत जाते : दुसऱ्या लेनला सुमारे ४०७ मीटर, आठव्या लेनला सुमारे ४५३. आठव्या लेनमध्ये चालून ४०० मीटर धरले तर सुरुवातच १३ टक्क्यांच्या चुकीने होते.

मैदान नसेल तर मोजणीची लांब टेप घेऊन सरळ रस्त्यावर ६० ते १०० मीटर आखून घ्या. २० मीटरवर काम भागवू नका, कारण २० मीटरला जेमतेम २७-२८ पावलं पडतात. रेषेपाशी एक पाऊल इकडे-तिकडे झालं की जवळपास ४ टक्के फरक पडला. ८०० मीटरला ११०० च्या वर पावलं पडतात, तिथे एखाद्या पावलाने काहीच बिघडत नाही.

दुसरी पायरी, तयारी. रोजचेच बूट घाला. रोज पाठीवर बॅग असते तर ती असू द्या. टेपने आखलेल्या अंतरावर मोजत असाल तर रेषेच्या आठ-दहा पावलं आधीपासून चालायला लागा आणि शेवटच्या रेषेनंतर तितकंच पुढे जाऊन थांबा. निघतानाची आणि थांबतानाची पावलं आखूड असतात, ती मोजणीत येऊ देऊ नका. ८०० मीटरच्या मोजणीत याची फिकीर नाही.

तिसरी पायरी, मोजणी. प्रत्येक पाऊल मोजायला गेलं की पन्नाशीच्या पुढे जीभ अडखळते आणि चालही बिघडते. फक्त उजवा पाय मोजा. उजवा पाय पन्नासदा टेकला की १०० पावलं झाली, हाताचं एक बोट मिटा. दोन्ही हात मिटले की १,००० पावलं. शेवटी उरलेली उजवी पावलं दुप्पट करून त्यात मिळवा. मोजताना पायांकडे बघू नका, नजर समोर ठेवा. खाली बघत चाललं की पाऊल आखडतं. सोबत कुणी असेल तर मोजायचं काम त्यांना द्या आणि तुम्ही नुसतं चाला, ते सगळ्यात चांगलं.

चौथी पायरी, भागाकार. अंतर भागिले पावलं. समजा ८०० मीटरला १,१२६ पावलं पडली, तर ८०,००० सेंटिमीटर भागिले १,१२६ म्हणजे ७१ सेंटिमीटर. हे तीनदा करा, शक्यतो वेगवेगळ्या दिवशी, आणि सरासरी घ्या. तिन्ही उत्तरं सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरच्या आत असतील तर चाल स्थिर आहे. एखादं फारच वेगळं आलं तर बहुधा मोजताना गफलत झाली आहे, ते सोडून पुन्हा चाला.

पावलांनी अंतर मोजायची ही रीत जुनीच आहे. नैन सिंह रावत या सर्वेक्षकाने १८६५-६६ मध्ये तिबेटात ल्हासापर्यंत जाऊन याच पद्धतीने अंतरं नोंदवली. चढ असो, उतार असो, पाऊल सारखंच पडावं असं त्याला शिकवलेलं होतं, आणि मोजणीसाठी हातात १०८ ऐवजी १०० मण्यांची जपमाळ होती. दर १०० पावलांना एक मणी पुढे सरकायचा. पाऊल सारखं ठेवायला त्याला प्रशिक्षण घ्यावं लागलं, यावरून आपल्या रोजच्या चालीत ते किती बदलत असेल याची कल्पना यावी.

तुमची मोजणी आणि घड्याळाची मोजणी

वरच्या मोजणीच्या वेळी आणखी एक आकडा टिपून ठेवा : निघताना घड्याळात किती पावलं होती आणि पोचल्यावर किती झाली. यातून जे कळतं ते मला सगळ्यात उपयोगी वाटतं.

समजा तुम्ही १,१२६ पावलं मोजली आणि घड्याळाने त्याच ८०० मीटरला १,०९० धरली. म्हणजे घड्याळाने ३ टक्क्यांच्या आसपास पावलं गाळली. तुमचं खरं पाऊल ७१ सेंटिमीटरचं आहे. पण घड्याळात ७१ भरलं तर ते १,०९० ला ७१ ने गुणणार आणि ८०० ऐवजी ७७४ मीटर दाखवणार. लांबी अचूक असूनही अंतर कमी. घड्याळाकडून अंतर बरोबर हवं असेल तर ८०० भागिले १,०९०, म्हणजे ७३.४ सेंटिमीटर भरावे लागतील. या आकड्यात घड्याळाची गळती भरून निघते.

तो आकडा तुमच्या पावलाचा नाही, तुमच्या आणि घड्याळाच्या जोडीचा आहे. घड्याळ बदललं, मनगटावरून खिशात गेलं, की तो बाद. दोन्ही आकडे लिहून ठेवा. आणि गळती जर ८-१० टक्क्यांवर असेल तर लांबीने ठिगळ लावण्याऐवजी आधी पट्टा सैल आहे का, अ‍ॅपमध्ये उजवा-डावा हात बरोबर निवडलाय का, हे पाहा. अनेक ट्रॅकर नेहमीच्या कामाच्या हातासाठी आणि दुसऱ्या हातासाठी वेगळी संवेदनशीलता ठेवतात.

मोजणी करायला वेळ नसेल तर एक आडवाट आहे. अंतर माहीत असलेल्या वाटेवर नेहमीसारखं चाला आणि घड्याळाने किती दाखवलं ते बघा. नवी लांबी म्हणजे जुनी लांबी गुणिले खरं अंतर भागिले दाखवलेलं अंतर. सेटिंगमध्ये ७० सेंटिमीटर आहेत, चाललात ३ किलोमीटर, दिसले २.८५. ७० गुणिले ३ भागिले २.८५, उत्तर ७३.७. हेच भरा. निकाल तोच येतो, फक्त घड्याळ पावलं किती गाळतं ते यात कळत नाही.

वेग बदलला की पाऊल बदलतं

आपण वेग वाढवतो तेव्हा नुसती पावलं भरभर पडत नाहीत, ती लांबही होतात. निरोगी प्रौढांच्या सहज चालीत या दोन गोष्टी साधारण एकाच प्रमाणात वाढतात. मिनिटाला १०० पावलं पडत असताना पाऊल ६५ सेंटिमीटरचं असेल, तर मिनिटाला १२० पडताना ते ७८ च्या आसपास जातं. वेग काढून बघा : पहिल्या चालीला ताशी ३.९ किलोमीटर, दुसऱ्या चालीला ताशी ५.६. पावलांची गती २० टक्क्यांनी वाढली आणि वेग ४४ टक्क्यांनी. घड्याळात मात्र एकच लांबी भरलेली असते, त्यामुळे त्याला हा वाढीव वेग अर्धाच कळतो.

चढावर पाऊल आखडतं. ओल्या, निसरड्या जमिनीवर आखडतं. गर्दीत आखडतं. लांब फिरण्याच्या शेवटी पाय दमले की आखडतं. लहान मुलाचं बोट धरून चालताना तर अर्ध्यावर येतं.

आणि घरात? तिथे आपण चालतो असं म्हणायलाही जड जावं इतकी लहान पावलं पडतात. एका दिवसाचा हिशेब करू. सकाळी मोकळ्यावर भरभर चाललेली ४,००० पावलं, प्रत्येकी ७५ सेंटिमीटर : ३ किलोमीटर. उरलेल्या दिवसात घरात आणि कामाच्या जागी ५,००० पावलं, प्रत्येकी ५० सेंटिमीटर : अडीच किलोमीटर. एकूण साडेपाच. सकाळच्या चालीवरून ७५ भरलेले असतील तर घड्याळ ९,००० गुणिले ७५, म्हणजे ६.७५ किलोमीटर दाखवणार. सव्वा किलोमीटर फुकटचं.

मग भरायचं काय? माझं मत असं की सकाळ-संध्याकाळ ठरवून जे फिरता, त्याच चालीचं माप भरा. दिवसभराच्या एकूण अंतराला फारसा अर्थ नसतो, ते थोडं फुगलं तरी नुकसान नाही. ठरवून केलेल्या फेरीचं अंतर मात्र आपण आठवड्यामागून आठवडे तपासतो, त्यात सुधारणा शोधतो, तेव्हा ते खरं असायला हवं. पायी लांबच्या वाटचालीची तयारी करत असाल तर त्या वाटेसारख्याच जमिनीवर, पाठीवर तेवढंच ओझं घेऊन वेगळं माप काढा.

सेटिंग, जीपीएस आणि आपोआप शिकणारी घड्याळं

लांबी भरायची जागा बहुधा अ‍ॅपमधल्या वैयक्तिक माहितीत, उंची-वजनाच्या जवळपास, किंवा घड्याळाच्या सेटिंगमध्ये असते. चालण्याची आणि धावण्याची लांबी वेगळी विचारली तर दोन्ही वेगवेगळी मोजून भरा. भरल्यावर घड्याळ आणि अ‍ॅप एकदा सिंक करायला विसरू नका. जुन्या दिवसांचे आकडे सहसा बदलत नाहीत, फरक पुढच्या चालण्यापासून दिसतो.

काही घड्याळांत ही जागा सापडणारच नाही. अ‍ॅपल वॉचमध्ये लांबी हाताने भरायची सोय नाही, ते चालीवरून स्वतः शिकतं. मोकळ्या आकाशाखाली, सपाट जागी, 'आउटडोअर वॉक' लावून नेहमीच्या चालीने २० मिनिटं चालायचं. त्यासाठी आयफोनच्या लोकेशन सर्व्हिसेसमध्ये सिस्टिम सर्व्हिसेसखाली 'मोशन कॅलिब्रेशन अँड डिस्टन्स' चालू असावं लागतं. आयफोन ८ आणि त्यानंतरचे फोन खिशात ठेवून चाललं तर हेल्थ अ‍ॅपमध्ये पावलाची सरासरी लांबी तयारच दिसते. स्वतः केलेल्या मोजणीशी ती ताडून बघायला चांगली.

जीपीएस लावून व्यायाम नोंदवत असाल तर त्या वेळचं अंतर उपग्रहांवरून येतं, लांबीच्या सेटिंगचा त्यात सहभाग नसतो. मोकळ्या आकाशाखाली फोनचा जीपीएस साधारण ५ मीटरच्या आत जागा दाखवतो, आणि सरळ लांब वाटेवर हे पुरेसं आहे. उंच इमारतींच्या मधून किंवा दाट झाडीखाली नकाशावरची रेघ नागमोडी होते आणि अंतर वाढतं. छोट्याशा बागेत गोल गोल फिरताना उलटं होतं : घड्याळ मधूनमधून जागा नोंदवतं, दोन नोंदींमधलं वळण सरळ रेषेने जोडतं आणि अंतर घटतं. बॅटरी वाचवायच्या मोडमध्ये नोंदी आणखी विरळ होतात. जीपीएसच्या मदतीने लांबी काढायची असेल तर मोकळा, सरळ, किमान किलोमीटरभराचा रस्ता घ्या आणि घड्याळाला सिग्नल मिळाल्यावरच पहिलं पाऊल टाका.

ट्रेडमिलवर जीपीएस कामाचा नाही, तिथे लांबीवरच सगळं अवलंबून असतं. यंत्राने दाखवलेलं अंतर आणि घड्याळाचं अंतर जुळत नसेल तर यंत्रच खरं असं समजू नका. खात्री करायची तर यंत्र बंद असताना पट्ट्याची पूर्ण लांबी मोजा, पट्ट्यावर खडूने खूण करा, कुणाला तरी त्यावर चालायला सांगून खूण किती वेळा फिरते ते मोजा. ३ मीटरचा पट्टा १०० वेळा फिरला तर ३०० मीटर झाले. चालताना दांडा सोडून हात मोकळे ठेवा.

धावण्याचं गणित वेगळं आहे. ताशी १० किलोमीटरने धावताना मिनिटाला १६५ पावलं पडत असतील तर पाऊल १ मीटरच्या थोडं वर जातं. चालण्याची लांबी वापरून धावण्याचं अंतर काढलं तर ते भलतंच कमी दिसेल. धावताना जीपीएस वापरा. आत धावत असाल आणि अचूकपणाची फारच गरज असेल तर बुटाला लावायचा फूट पॉड नावाचा छोटा सेन्सर मिळतो.

आकड्यासाठी चाल बिघडवू नका

लांबी आणि पावलांचं नातं कळलं की मोह होतो. पावलं जास्त दिसावीत म्हणून कुणी आखूड पावलं टाकतं, वेग वाढावा म्हणून कुणी ढांगा टाकायला लागतं. दोन्ही करू नका. ओढूनताणून लांब टाकलेला पाय शरीराच्या फार पुढे पडतो, टाच जोरात आपटते, आणि प्रत्येक पावलागणिक आपल्याच वेगाला ब्रेक लागतो. गुडघा आणि पोटरी कुरकुरू लागते. वेग हवा असेल तर पावलं भरभर टाका, हात कोपरात वाकवून झुलवा. लांबी आपसूक वाढेल, तेवढीच बरी.

दुसऱ्याच्या पावलांशी आपली पावलं तोलणंही सोडा. वर पाहिलं तसं ५ किलोमीटरला दोघांच्या पावलांत ११०० चा फरक निव्वळ उंचीमुळे पडतो. गटात स्पर्धा लावायचीच तर चाललेली मिनिटं धरा. मिनिटाला साधारण १०० पावलं ही प्रौढांसाठी मध्यम तीव्रतेच्या चालीची ढोबळ खूण मानली जाते. ती मोजायला घड्याळही लागत नाही : १५ सेकंदांत २५ पावलं.

१०,००० या लक्ष्याबद्दलही एक सांगून ठेवते. हा आकडा कुठल्या वैद्यकीय प्रयोगातून निघालेला नाही. जपानमध्ये १९६५ साली विक्रीला आलेल्या 'मानपोकेई' या पावलं मोजणाऱ्या यंत्राबरोबर तो पसरला. २०१९ मध्ये जामा इंटर्नल मेडिसिन या वैद्यकीय नियतकालिकात आय-मिन ली आणि सहकाऱ्यांनी वयस्कर स्त्रियांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. दिवसाला सुमारे ४,४०० पावलं चालणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण अगदी कमी चालणाऱ्यांपेक्षा बरंच खाली होतं, आणि ७,५०० च्या आसपास हा फायदा सपाट होत गेला. तेव्हा आखूड पावलांनी पण नेमाने ५,००० चालणाऱ्या आजींना कुणी 'अजून निम्मी बाकी आहेत' असं म्हणू नये.

पुन्हा केव्हा मोजायचं

घड्याळ किंवा ते बांधायची जागा बदलली, वजन बरंच कमी-जास्त झालं, पायाची दुखापत किंवा शस्त्रक्रिया झाली, नियमित चालण्याने वेग वाढल्याचं जाणवलं, किंवा तुमच्या ओळखीच्या वाटेचं अंतर आठवडाभर वेगळंच दिसायला लागलं, तर पुन्हा मोजा. अंतर बदललं आणि पावलंही त्याच प्रमाणात बदलली, तर आधी हातमोजणी करून बघा : तुमच्या मोजणीतही पावलं बदललेली निघाली तर चाल बदलली आहे, नवी लांबी भरा, फक्त घड्याळाचीच बदललेली निघाली तर पट्टा आणि बांधण्याची जागा तपासा. पावलं तितकीच आणि फक्त अंतर बदललेलं, तर अ‍ॅपच्या अपडेटनंतर लांबीचं सेटिंग मूळ अंदाजावर परत गेलं असण्याची शक्यता आहे. तुम्ही लिहून ठेवलेला आकडा तिथे पुन्हा भरा आणि सिंक करा.